विरलेला चुना: कारखाना, द्राक्षबाग आणि गोदाम यांत तो कसा हाताळावा

पानाच्या डब्यातला चुना, तळहातावर तंबाखूबरोबर मळला जाणारा चुना, मुक्या मारावर हळदीत कालवून लावलेला चुना आणि दिवाळीआधी भिंतींना दिलेला चुना, अशा नाना रूपांनी हा पदार्थ आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत असल्यामुळे त्याची भीती कोणालाच वाटत नाही. सांगली-मिरज भागातल्या कारखान्यात ॲसिडचा कॅन उचलताना माणूस दोनदा विचार करतो. तोच माणूस चुन्याचे पोते मात्र उघड्या खांद्यावर घेतो, घामाने भिजलेल्या मानेवर सांडलेली भुकटी पंचाने पुसतो आणि त्याच पंचाने डोळे टिपतो. विरलेल्या, म्हणजे पाणी मुरवलेल्या, चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, २५ अंश सेल्सिअसला सुमारे १२.४ असतो. साबणाच्या पाण्याचा सामू बहुधा ९ ते १० असतो आणि सामूच्या मोजपट्टीवर एक अंक वर जाणे म्हणजे अल्कधर्म दहापट वाढणे, हे ध्यानात घेतले की पोत्यातली पांढरी भुकटी कोणत्या जातीची आहे ते कळते.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि नंतर सांडपाणी प्रक्रियेच्या कामात चुन्याशी माझा बराच संबंध आला. त्या अनुभवामुळे या मार्गदर्शिकेचा क्रम थोडा उलटा ठेवला आहे. आधी डोळ्यांची आणि पाण्याची व्यवस्था, मग चुन्याची ओळख आणि त्यानंतर त्याचे उपयोग.

पोते उघडण्याआधी पाणी

चुन्याच्या कामातला सर्वांत गंभीर अपघात डोळ्याचा असतो. एका कारखान्यात चुन्याच्या दुधाची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ चुन्याची, तुंबलेली नळी एक मदतनीस मोकळी करत होता. पंप बंद केला होता, पण नळीतला दाब उतरलेला नव्हता, आणि जोड सैल होताच दूध थेट त्याच्या तोंडावर उडाले. त्याच्याभोवती धावून आलेल्या माणसांपैकी एकाने तूप आणायला सांगितले, एकाने ताक मागवले आणि एकाने गाडी काढली. दहा पावलांवर नळ होता, तिकडे त्याला नेण्याचे सुचेपर्यंत काही मिनिटे गेली होती. त्याची दृष्टी वाचली, पण बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला.

अल्कधर्मी पदार्थ डोळ्यातल्या पेशींची स्निग्ध आवरणे विरघळवत आत शिरतो आणि पापणीखाली अडकलेला चुन्याचा कण तर विरघळत राहून ही इजा चालूच ठेवतो. त्यामुळे डोळ्यात चुना गेला की चोळू नये, त्याच क्षणी स्वच्छ वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा, दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात, वरची पापणी उलटवून तिच्याखालचे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने हलक्या हाताने काढावेत आणि किमान २० मिनिटे पाणी सोडत राहावे. डोळ्यात तूप, तेल, दूध, ताक किंवा लिंबाचा रस यांपैकी काहीही घालू नये. चुना अल्क आहे म्हणून आम्लाने तो मारावा हे प्रयोगशाळेतले तर्कशास्त्र डोळ्याला लागू पडत नाही, कारण त्या प्रक्रियेत उष्णता निघते आणि जखमेवर दुसरी जखम होते. धुणे झाल्यावर, आणि शक्य असेल तर वाटेतही पाणी सोडत, नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. मिरजेसारखे वैद्यकीय नाव असलेले गाव हाकेच्या अंतरावर असले, तरी पहिल्या मिनिटाचे काम तिथला कोणताही डॉक्टर करू शकत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.

म्हणून नियम असा असावा की जिथे चुना उतरतो, मिसळला जातो किंवा सोडला जातो, तिथून दहा सेकंदांत पोहोचता येईल इतक्या अंतरावर डोळे धुण्याचा फवारा असावा आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो उघडून पाहावा. बागेत किंवा बांधकामावर फवारा नसेल, तर नळ बसवलेला २० लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन सावलीत ठेवावा आणि त्यातले पाणी चहाला वापरू नये. एकट्या माणसाला चुन्याच्या कामावर लावू नये, कारण डोळे मिटलेल्या माणसाला नळ सापडत नाही.

घरच्यांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब मुलांच्या हातात पडतात, दाबल्या की फुटतात आणि त्यातला चुना तोंडावर उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना मुलांच्या डोळ्यांच्या भाजण्याचे हे कारण चांगले परिचित आहे.

कळीचा आणि विरलेला

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. या ५६ किलोंत १८ किलो पाणी पूर्णपणे मुरले की ७४ किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. बाजारात यालाच हायड्रेटेड लाइम म्हणतात. सांगली-साताऱ्याच्या पायाखाली बेसाल्ट असल्यामुळे भट्टीला लागणाऱ्या चांगल्या चुनखडीचे मोठे साठे आपल्याकडे नाहीत. काळ्या रानातले कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, गोळा करून भाजलेल्या चुन्यावर जुने वाडे उभे राहिले, पण आज कारखान्यांना लागणारा चुना बाहेरूनच आणावा लागतो. त्यामुळे माल लांबचा प्रवास करून येतो आणि वाटेत हवा लागून किंवा पाऊस खाऊन तो उतरतो, हे खरेदी करताना विसरू नये.

या दोन चुन्यांतला फरक गोदामातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. विरलेल्या चुन्यावर पाणी पडले तर चिखल होतो आणि जाणवण्याजोगी उष्णता निघत नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडले तर तो फुगतो, पोते फाडतो आणि खवळतो. १ किलो शुद्ध कळीच्या चुन्यातून निघणारी उष्णता साधारण साडेतीन लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. पोत्यावरचा छापील मजकूर पुसला गेला असेल, तर चष्मा लावून स्टीलच्या भांड्यात ३०० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात १०० ग्रॅम नमुना टाकावा आणि हात मागे घेऊन पाच-दहा मिनिटे पाहावे. पाणी तापले तर तो कळीचा आहे किंवा अर्धवट विरलेला आहे, आणि अर्धवट विरलेला चुना सर्वांत फसवा, कारण तो दिसायला भुकटी असतो आणि वागायला कळी.

खरेदीच्या वेळी काय तपासावे

शुद्ध विरलेल्या चुन्यात कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण ७५.७ टक्के असते. याहून अधिक आकडा कोणी सांगत असेल तर त्यात न विरलेली कळी आहे किंवा हिशेब चुकला आहे. रासायनिक कामासाठीचा चुना आणि बांधकामाचा चुना यांची भारतीय मानके वेगवेगळी आहेत, बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस ७१२ हे मानक आहे, आणि एका कामाचे प्रमाणपत्र दुसऱ्या कामासाठी ग्राह्य धरू नये. अन्नाशी संबंध येणार असेल, म्हणजे साखर, गूळ किंवा पिण्याचे पाणी, तर शिसे व आर्सेनिकसारख्या अशुद्धींचा अहवाल पुरवठादाराकडून लेखी घ्यावा.

प्रयोगशाळेत शर्करा पद्धतीने उपलब्ध चुना काढावा. साध्या पाण्यात चुना लिटरला जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो, परंतु साखरेच्या द्रावणात तो सॅकरेट, म्हणजे साखरेशी झालेले संयुग, बनून भरपूर विरघळतो, तर त्यातले कार्बोनेट तसेच मागे राहते. त्यामुळे फिनॉल्फथॅलीन हे रंगदर्शक घालून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन केले, म्हणजे रंग जाईपर्यंत आम्ल मोजून सोडले, की कामाला येणारा चुनाच तेवढा मोजला जातो. प्रयोगशाळा नसेल तर चमचाभर भुकटी थोड्या पाण्यात कालवून तिच्यावर सौम्य आम्ल सोडावे. थोडे बुडबुडे येणे स्वाभाविक आहे, पण सोड्यासारखा फेस उसळला तर समजावे की चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचा मार्ग धरला आहे आणि आपण पांढऱ्या दगडाच्या पिठाचे पैसे मोजत आहोत.

दूध कसे तयार करावे

बहुतेक कामांत चुना कोरडा टाकत नाहीत, त्याचे दूध करून सोडतात. दहा टक्के दुधासाठी ९० किलो पाणी टाकीत आधी घ्यावे, ढवळणी चालू करावी आणि मग १० किलो चुना हळूहळू पाण्यात सोडावा. चुन्यावर पाणी ओतण्याची सवय मोडून काढावी. त्याने गोळे होतात, धूळ उडते आणि कळीचे खडे मिसळलेले असतील तर उकळी फुटते. पोते टाकीच्या काठावर झटकू नये. तोंड खाली धरून, शक्य तितके पाण्याच्या जवळ नेऊन रिकामे करावे आणि वर धूळ ओढून घेणारा पंखा व गाळणी बसवावी.

चुन्याचे दूध म्हणजे द्रावण नव्हे, पाण्यात तरंगणारे कण आहेत, आणि ढवळणी थांबताच ते तळाला बसू लागतात. रात्रीच्या पाळीत वीज गेली आणि टाकी तशीच राहिली तर सकाळी तळाशी घट्ट थर सापडतो, जो फोडताना पुन्हा अंगावर उडण्याचा धोका असतो. शिवाय मिसळण्याचे पाणी कठीण असेल, आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा असतेच, तर त्यातल्या बायकार्बोनेटशी चुन्याची प्रक्रिया होऊन नळीत आतून कार्बोनेटचा कवचासारखा थर चढतो. त्यामुळे दूध सतत फिरते ठेवावे, पोलादी नळीऐवजी जाड रबरी नळी वापरावी, कारण ती बाहेरून दाबली तरी आतला थर सुटतो, काटकोनातले वळण टाळावे आणि काम संपल्यावर साधे पाणी सोडून नळी धुवावी. टाकी लोखंडी किंवा प्लास्टिकची चालते. ॲल्युमिनियमची बादली, पंप किंवा शिडीही चुन्याच्या दुधाजवळ आणू नये, कारण त्यांच्या प्रक्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. जस्त आणि पितळही ओल्या चुन्यात टिकत नाही.

साखर कारखाना

कृष्णाकाठी चुन्याचा सर्वांत मोठा ग्राहक साखर उद्योगच आहे. वाळवा, पलूस, कराड किंवा वाई, कोणत्याही पट्ट्यातल्या कारखान्याचे बॉइलिंग हाऊस, म्हणजे रसापासून साखर बनवण्याचा विभाग, पाहिले तर रसशुद्धीच्या ठिकाणी चुना आणि गंधकाचा धूर एकत्र भेटतात. उसाचा मिश्र रस साधारण ५.२ ते ५.५ सामूचा, म्हणजे आम्लधर्मी असतो, आणि तो तसाच तापवला तर सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, म्हणजेच साखर हातची जाते. डबल सल्फिटेशन पद्धतीत रस ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात, त्यात चुन्याचे दूध आणि सल्फर डायऑक्साइड एकाच वेळी सोडून सामू ७ ते ७.२ च्या आसपास आणतात, नंतर १०२ ते १०४ अंशांपर्यंत तापवून क्लॅरिफायरमध्ये गाळ बसू देतात. चुन्यातला कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी आणि सल्फाइटशी जोडला जाऊन जो गाळ बनतो तो मेण, प्रथिने आणि मातीचे बारीक कण आपल्याबरोबर खाली नेतो. हाच गाळ पुढे प्रेसमड म्हणून शेतात जातो.

चुना किती लागतो, या प्रश्नाला साधारण उत्तर टनामागे दीड ते दोन किलो असे आहे, त्यामुळे रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याला दिवसाला साडेसात ते दहा टन चुना लागतो. परंतु माझ्या मते आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची आहे. चुना कमी पडला तर साखर फुटते. जास्त पडून सामू ८ च्या वर गेला तर अपचायक शर्करा, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज, मोडून रसाला काळपट रंग येतो आणि विरघळलेले कॅल्शियम पुढे रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत खरड होऊन बसते. दुधाची घनता तासातासाला बदलत असेल तर सामू नियंत्रित करणारा महागडा मीटरही काही करू शकत नाही, म्हणून दुधाची घनता हायड्रोमीटरने दर तासाला मोजून वहीत लिहिणे हे रसशुद्धीचे अर्धे काम आहे. चुन्यातली वाळू आणि न विरलेले खडे गाळण्यासाठी दुधाच्या वाटेवर चाळणी आणि गाळ बसण्याचा खड्डा ठेवावा, नाहीतर पंपाचे इंपेलर एका हंगामात झिजतात.

गुऱ्हाळातही काहिलीतल्या रसाची आम्लता मारण्यासाठी चुन्याची निवळी टाकतात, मळी वर आणण्याचे काम भेंडीचा रस करतो. गुळव्या अंदाजाने निवळी सोडतो आणि बहुधा अंदाज बरोबर येतो, पण प्रमाण चुकले तर गूळ काळा पडतो. सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या स्वस्त आहेत आणि त्या गुळव्याच्या हाताचा अपमान करत नाहीत.

सांडपाणी

कुपवाड, मिरज, कराड किंवा सातारा औद्योगिक वसाहतीत पिकलिंग (आम्लाने धातू साफ करणे), प्लेटिंग (धातूचा मुलामा देणे) किंवा रसायनांचे काम करणाऱ्या छोट्या उद्योगांना आम्लयुक्त सांडपाणी सोडण्याआधी त्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत आणावा लागतो. ९८ किलो शुद्ध सल्फ्युरिक आम्लाला ७४ किलो चुना किंवा ८० किलो कॉस्टिक सोडा लागतो; वजनात फरक थोडा, किमतीत मात्र चुना पुष्कळ स्वस्त. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, कारण सल्फ्युरिक आम्ल आणि चुना मिळून जिप्समचा गाळ होतो, तेवढ्याच आम्लातून १७२ किलो, आणि तो वाळवून योग्य ठिकाणी पोहोचवण्याचा खर्च हिशेबात धरला नाही तर स्वस्ताई कागदावरच राहते.

चुना कॉस्टिकपेक्षा सावकाश काम करतो. दूध सोडल्याबरोबर मीटर पाहून आणखी दूध सोडणाऱ्या चालकाला अर्ध्या तासाने सामू ११ दिसतो. म्हणून थोडे दूध सोडून १५ ते ३० मिनिटे ढवळावे, मग मोजावे. प्लेटिंगच्या पाण्यातले धातू हायड्रॉक्साइड बनून खाली बसतात, पण प्रत्येकाचा सामू निराळा असतो: क्रोमियम व तांबे ८ ते ९ च्या दरम्यान, जस्त ९ ते १० च्या दरम्यान आणि निकेल १० च्या वर. षट्‌संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम मात्र चुन्याने मुळीच बसत नाही, त्याचे आधी त्रिसंयुजी (ट्रायव्हॅलंट) रूपात क्षपण, म्हणजे रिडक्शन, करावे लागते. प्रमाण ठरवण्यासाठी एक-एक लिटरच्या सहा भांड्यांत वाढत्या मात्रा घालून चाचणी घ्यावी, आणि पाणी बदलले की ती पुन्हा घ्यावी. सायनाइड असलेले पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळू देऊ नये. तिथे चुन्याचा प्रश्न नंतरचा असतो, आधी जीव जातो.

द्राक्षबाग

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागातल्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण शिकवण्याची गरज नाही. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने केवड्यावरचा, म्हणजे डाउनी मिल्ड्यूवरचा, हा उपाय १८८५ मध्ये प्रसिद्ध केला आणि आज फळछाटणीनंतरच्या ढगाळ हवेत आपणही तोच हाताशी धरतो. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या टाक्यांत भिजवावा. चुन्याचे पाणी गाळून घ्यावे आणि मोरचुदाचे द्रावण त्यात सावकाश, सतत ढवळत सोडावे. मोरचुदासाठी लोखंडी भांडे वापरू नये. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्का पुरतो आणि खोडावर लावायच्या पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी असे प्रमाण आहे.

जुन्या शिफारशीतला चुना कळीचा आहे की विरलेला, हे पाहावे. १ किलो कळीच्या चुन्याएवढे काम करायला सुमारे १.३ किलो विरलेला लागतो. खरे पाहता १ किलो मोरचुदाचे उदासिनीकरण करायला ३०० ग्रॅमच्या आसपास ताजा चुना पुरतो, वरचा चुना सुरक्षेसाठी असतो. परंतु वर्षभर शेडमध्ये उघडा पडलेला चुना एवढा मेलेला असतो की किलोभर घालूनही मिश्रण आम्लधर्मी राहते आणि पाने भाजतात. त्यासाठी घासलेले लोखंडी पाते किंवा खिळा मिनिटभर मिश्रणात बुडवावा; त्यावर तांब्याचा लालसर थर आला तर आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, आणि अल्कधर्मात फुटणारी कीटकनाशके त्यात मिसळू नयेत. फवारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना इथे चुना आणि तांबे दोन्हींचा धोका असतो.

शेताच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी काही जण जिप्समऐवजी चुना टाकतात. कृष्णाकाठची काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. तिच्यात चुना घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. तसेच अमोनियम सल्फेट किंवा डीएपीजवळ चुना ठेवू नये, ओल लागली की अमोनिया उडून जातो, खताचा पैसा हवेत जातो आणि बंद गोदामात डोळे चुरचुरतात.

रस्त्याच्या कामात काळ्या मातीचा भराव वजनाच्या साधारण ३ ते ८ टक्के चुना मिसळून कमी फुगणारा करतात. डांबरी मिश्रणात एक ते दोन टक्के चुना भरण म्हणून घालतात, ज्यामुळे पाण्याने डांबर खडीपासून सुटत नाही. ब्लीचिंग पावडरही विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडूनच बनते.

अंगाचे रक्षण आणि हळदीची चाचणी

कोरडा चुना कोरड्या त्वचेवर फारसे काही करत नाही, त्यामुळेच तो फसवतो. घाम आला की तीच भुकटी बारा-साडेबारा सामूचे पाणी होते आणि मान, कंबरपट्टा, मनगट, मोज्यांच्या आतली बोटे अशा ठिकाणी तास-दोन तासांत चामडी सोलवटते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस काम सोडत नाही. बाजूने बंद असलेला गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटावर चढणारे रबरी हातमोजे आणि गमबूट हा किमान पोशाख आहे, आणि विजार बुटाच्या बाहेरून सोडावी, आत खोचू नये, म्हणजे दूध बुटात शिरत नाही. तुंबलेली नळी उघडताना गॉगलवर पूर्ण चेहऱ्याची ढालही लावावी, झडपा दोन्ही बाजूंनी बंद कराव्यात आणि दाब उतरल्याची खात्री करूनच बोल्ट सैल करावा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने या कामावर येऊ नये. धुळीसाठी एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा, गमछा हा मास्क नव्हे. आठ तासांच्या कामासाठी हवेतली धूळ घनमीटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी ठेवावी, अशी मर्यादा व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वत्र परिचित आहे. सांडलेली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये.

त्वचेवर कोरडा चुना पडला तर आधी तो मऊ ब्रशने झटकावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावा. भिजलेला कपडा, बूट, मोजा लगेच काढावा. पोटात गेला तर तोंड धुवावे, शुद्धीवर असेल तर थोडे पाणी द्यावे, उलटी करवू नये आणि दवाखान्यात न्यावे.

सांगलीला हळदीची बाजारपेठ असताना चुना तपासायला दुसरा कागद कशाला शोधावा? हळद अल्कधर्मात लाल होते, हळद-चुन्याच्या लेपाचा रंग हेच सांगतो. दोन चमचे हळद अर्धा कप स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवावी, गाळून त्यात गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवाव्यात. काम संपल्यावर हातमोजे आतून, टेबल, जेवणाच्या खोलीची कडी, गॉगलचा पट्टा यांवर ओली पट्टी दाबावी. ती विटकरी लाल झाली तर चुना उरला आहे. साबणानेही ती लाल होते, त्यामुळे साध्या पाण्याने खळबळून मगच पाहावे. डोळ्यासाठी ही पट्टी वापरायची नाही. मी ही चाचणी कामगारांसमोर करून दाखवत असे, आणि ज्याने डब्यातली भाकरी खाण्याआधी हात धुतले असे शपथेवर सांगितले त्याच्या बोटाला पट्टी लावली की पुढचे व्याख्यान देण्याची गरज उरत नसे.

साठवण, पूर आणि गळती

पोती जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, दहापेक्षा जास्त थर न रचता ठेवावीत. जुना माल आधी काढावा आणि उघडलेले पोते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. आम्लांची पिंपे एका खोलीत आणि चुना दुसऱ्या खोलीत, हे जागेच्या टंचाईतही पाळावे. सायलोत, म्हणजे चुन्याच्या उंच कोठीत, चुना कमान धरून अडकला तर खालून काठी घालू नये आणि वर उभे राहून तो पायाने तोडू नये. कमान कोसळली की माणूस त्यात गाडला जातो. कंपक किंवा हवेचे पॅड वापरावे, आणि आत उतरण्याची वेळ आलीच तर परवाना, पट्टा, हवेची तपासणी आणि बाहेर थांबलेला माणूस असल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर पाहिलेल्या सांगलीकरांना गोदामात पाणी शिरणे म्हणजे काय ते सांगायला नको. विरलेला चुना पुरात वाया जातो एवढेच; कळीचा चुना मात्र पाणी लागताच तापून शेजारचे लाकूड, बारदान आणि कागद पेटवू शकतो. पूररेषेच्या आत गोदाम असेल तर पावसाळ्यात कळीचा चुना तिथे ठेवूच नये.

सांडलेला चुना कोरडाच फावड्याने भरावा. पाइप लावून तो गटारात ढकलला तर ओढ्यात सामू चढून मासे तडफडतात, आणि ओढा शेवटी कृष्णेलाच मिळतो. भिजलेला चिखल बांध घालून अडवावा, सांडपाण्याच्या हौदात वळवावा आणि तिथेच त्याचा उपयोग करावा.

रिकाम्या पोत्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती कामगार घरी नेतात, त्यांत जनावरांची सरकी किंवा कांदा भरतात, कधी लहान मूल त्यावर खेळत बसते. पोते आतून झटकून, धुऊन आणि उभे चिरूनच आवाराबाहेर जाऊ द्यावे. चिरलेल्या पोत्यात कोणी सरकी भरत नाही.